आजीला बसवून ठेवू नका

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

पी. यू. सी.च्या पहिल्या वर्षी अकौंटन्सीत 'डेप्रिसिएशन' हा शब्द आला तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्या आम्ही चार-सहाजणी गोंधळून गेलो होतो. शेजारच्या बाकावरची कन्नड माध्यमाची मैत्रीण म्हणाली, "सवकळी." तेव्हा कुठे उलगडा झाला. आपल्याकडे त्यालाच घसारा म्हणतात. दोन्ही शब्दांत झिजणे आहे. यंत्र जितके चालवाल तितके झिजते, म्हणून दरवर्षी वहीत त्याची किंमत थोडी कमी करून दाखवायची आणि एक दिवस ते भंगारात काढायचे. व्यवहाराला हे ठीकच आहे. पण हाच हिशोब आपण माणसाच्या शरीरालाही लावतो आणि तिथे तो साफ उलटा पडतो. स्नायू वापरल्याने झिजत नाहीत, न वापरल्याने झिजतात. एवढी एक गोष्ट घराघरांत पोहोचली तर आपल्या आजी-आजोबांची शेवटची दहा-पंधरा वर्षे निराळी जातील, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाणिज्य शाखेच्या मुलीने वैद्यकाच्या वाटेला का जावे, असा प्रश्न प्राध्यापक मंडळींना पडेल. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले भारतीय १० कोटींहून अधिक होते. २०५० पर्यंत दर पाच भारतीयांत एकजण साठीपुढचा असेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. त्या वर्षी मी पंचेचाळिशीच्या घरात असेन आणि आज मला शिकवणारे बहुतेक सर आणि मॅडम त्या पाचव्या माणसांत मोडतील. तेव्हा विषय दोन्ही पक्षांच्या जिव्हाळ्याचा आहे.

साधारण तिशीनंतर दर दहा वर्षांनी माणसाच्या स्नायूंचे वजन ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. ताकद तर वजनापेक्षाही लवकर उतरते. बाहेरून हे दिसत नाही, कारण गेलेल्या स्नायूंची जागा चरबी घेते आणि काट्यावरचा आकडा तोच राहतो. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळाव्यात, पण आतली मालमत्ता मात्र बुडीत निघावी, तसा हा प्रकार. १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन संशोधकाने या झिजेला 'सार्कोपेनिया' असे नाव दिले. ग्रीक भाषेत 'सार्क' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. नाव मिळेपर्यंत तिला कोणी आजार मानतच नव्हते. 'वय झाले' या दोन शब्दांत सगळे मिटत होते. आपल्याकडे अजूनही मिटते.

स्नायूंत दोन जातींचे तंतू असतात. एक जात सावकाश पण चिवटपणे काम करणारी, दुसरी झटकन जोर लावणारी. वयाबरोबर दुसरी जात आधी खंगते. म्हणून सत्तरीच्या आजोबांना मैलभर सावकाश चालता येते, पण उंबऱ्याला पाय अडखळला की तोल सावरण्यासाठी दुसरा पाय वेळेवर पुढे पडत नाही. न्हाणीघरात घसरलेली म्हातारी माणसे केवळ फरशी ओली होती म्हणून पडत नाहीत. त्याच फरशीवर आपणही घसरतो, पण सावरतो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात दगावतो, असा अनेक देशांतला अनुभव आहे. जे वाचतात त्यांतल्या पुष्कळांना पूर्वीसारखे एकट्याने फिरता येत नाही.

शिवाय स्नायू हे केवळ उचलण्या-ओढण्याचे साधन नव्हे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच शोषून घेतात. मधुमेहाने गांजलेल्या आपल्या देशात हे विसरून चालणार नाही. आणि माणूस आजारी पडला, अन्न जाईनासे झाले, की शरीर प्रथिनांसाठी स्नायूंच्याच गंगाजळीत हात घालते. ज्याची गंगाजळी मुळातच आटली आहे, त्याला साधा न्युमोनियाही भारी पडतो. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात हाताच्या मुठीची पकड मोजली होती. पकड दर ५ किलोने कमी, तसा त्या काळातील मृत्यूचा संभव १६ टक्क्यांनी जास्त, असे आढळले. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही या मुठीने भविष्य अधिक नेमके सांगितले. रक्तदाब मोजायचे यंत्र आज गल्लोगल्ली आहे. मूठ कोण मोजतो?

आता या झिजेवर उपाय काय, ते पाहू. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन शहराच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोन या डॉक्टरबाईंनी दहा रहिवासी निवडले. सर्वांचे वय नव्वदीच्या आसपास, बहुतेकांना चार-चार जुनी दुखणी. त्यांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, पायांनी वजन उचलायला लावले, आणि तेही नाममात्र नव्हे, तर जितके एकदाच जेमतेम उचलता येईल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. एकाने मध्येच सोडले, नऊजण टिकले. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. नव्वदाव्या वर्षी! मात्र व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी उतरली, हेही त्याच अहवालात आहे. ही मुदतठेव नव्हे, चालू खाते आहे.

१९९४ साली याच बाईंनी शंभर वृद्धांवर मोठा प्रयोग केला. काहींना व्यायाम दिला, काहींना नुसते पौष्टिक पेय, काहींना दोन्ही. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसते पौष्टिक पेय प्यालेल्यांच्या अशक्तपणात काहीच फरक पडला नाही. दूरदर्शनवरच्या जाहिरातीत डबा उघडून पेलाभर पावडर घेतली की जिना चढू लागणारे आजोबा दिसतात, त्यांची मला या ठिकाणी आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

हे सगळे साता समुद्रापलीकडचे झाले, आपल्याकडचे काय, असे कोणी म्हणेल. म्हणून घरचेच उदाहरण देते. माझी आजी पंच्याहत्तरीची. दोन पावसाळ्यांपूर्वी तिला डेंग्यू झाला आणि एका इस्पितळात अकरा दिवस राहावे लागले. ताप पाचव्या-सहाव्या दिवशी उतरला, पण तिला खाटेवरून पाय खाली टाकू देत नव्हते. पडली तर जबाबदारी कोणाची, हा तिथल्यांचा प्रश्न. घरी आली तेव्हा खुर्चीतून उठायला दोघांचे हात लागत. २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन प्रयोग मी नंतर वाचला. सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसते अंथरुणावर ठेवले, तर पायांच्या स्नायूंतून जवळपास एक किलो वजन गळाले. ताप नाही, दुखणे नाही, नुसते पडून राहणे! आजीला तर वरून ताप होता.

भेटायला येणारे एकजात तेच सांगत. "आज्जी, लई केलासा आजवर. आता काही करू नका. बसून खावा." यात माया होती, याबद्दल शंका नाही. पण आजीच एक दिवस वैतागून म्हणाली, "बसून बसून मी लाकूड व्हायलोय की गं. उठीव मला आधी." मग धारवाडकडची एक तरुण फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येऊ लागली. तिला मराठी बेताचे, आजीला कन्नड बाजारापुरते. तिने केले काय? खुर्चीवर दोन उशा ठेवून बैठक उंच केली आणि हात न टेकता उठायला-बसायला लावले. "एळ्री अज्जी, इन्नोंद् सल!" म्हणजे उठा आजी, आणखी एकदा. आजी मराठीत मोजायची. पाच झाले, आठ झाले, मग एक उशी काढली. पुन्हा पाचपासून. मग दुसरी उशी काढली. पुढे दोन्ही हातांत लिटरभर पाण्याच्या बाटल्या आल्या. तीन महिन्यांनी आजी एकटीने गच्चीवर जाऊन सांडग्यांवर लक्ष ठेवू लागली. यात औषध नव्हते, यंत्र नव्हते. बोस्टनच्या डॉक्टरबाईंनी जे वजनांनी साधले, तेच या मुलीने उशांनी साधले. दर खेपेला थोडे अधिक जड, एवढाच त्यातला मंत्र.

आणि हा मंत्र आपल्या मातीला नवा थोडाच आहे? कोल्हापूरपासून बेळगाव-धारवाडपर्यंतचा हा सारा पट्टा कुस्तीचा. मराठीत तालीम, कन्नडमध्ये गरडी. मारुती दोन्हीकडे तोच आणि हौद्यातली तांबडी मातीही तीच. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, कोल्हापुरात १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणले. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी पंचवीस बैठका सांगतात, महिन्याने पन्नास, मग शंभर. करेलाही हलका आधी, जड मागाहून. शास्त्र ज्याला आज क्रमवार भार वाढवणे म्हणते, ते वस्तादांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे.

पण तालमीचे एक मोठे उणे आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवे. तालीम माणसाला अठरा ते अठ्ठावीस एवढीच दहा वर्षे सांभाळते. लग्न झाले, नोकरी लागली, की लंगोट खुंटीला. खुराक मात्र सुटत नाही! जुन्या पैलवानांची पोटे आणि त्यांची साखर पाहिली की याची साक्ष पटते. आमच्या गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांना मी विचारले, "वस्ताद, साठीपुढच्या माणसांना सकाळी तासभर तालमीत का घेत नाही?" ते हसून म्हणाले, "अगं पोरी, त्यांनी आता भजन करावं. जोर कुणाला दाखवायचाय त्यांना?" वस्ताद मनाने फार चांगले आहेत, पण सगळी मेख या एका वाक्यात आहे. ताकद ही दाखवायची वस्तू आहे, हीच आपली समजूत. मैदानात दाखवायची, आरशात दाखवायची, नाहीतर मोबाईलमध्ये. संडासातून कोणाचा हात न धरता उठता यावे म्हणून ताकद लागते, हे सांगायला आपल्याला लाज वाटते.

वेगळ्या वाटेने गेलेली माणसे आपल्याकडेही झाली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी साठी उलटल्यावरही सूर्यनमस्कार घालीत होते आणि स्त्रियांनीही ते घालावेत असा त्यांचा आग्रह होता. कर्नाटकातल्या बेल्लूरला जन्मलेले आणि पुण्याला कायमचे राहिलेले बी. के. एस. अय्यंगार नव्वदीतही आसने करीत. २०१४ साली ते ९५ व्या वर्षी गेले. १९५२ चा 'मिस्टर युनिव्हर्स' किताब मिळवणारे बंगालचे मनोहर आईच २०१६ साली शंभरी ओलांडून वारले. पण अशा असामान्यांची नावे घेतली की सामान्य माणूस हात जोडतो आणि घरी जाऊन झोपतो. मला बोस्टनचे ते नऊ म्हातारेच अधिक मोलाचे वाटतात. त्यांनी जन्मात कधी तालीम पाहिली नव्हती.

स्त्रियांविषयी दोन शब्द निराळे लिहायला हवेत. निसर्गाने आम्हाला स्नायूंचे भांडवल पुरुषांपेक्षा कमी दिले आणि आयुष्य मात्र थोडे जास्त. शिवाय पाळी गेल्यावर हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. म्हणजे ज्यांना ताकदीची गरज अधिक, त्यांनाच तालमीच्या दारातून परत पाठवायचे, असा हा उलटा न्याय. पूर्वीच्या बायका जात्यावर दळत, उखळात कांडत, रहाटाने पाणी शेंदत, तेव्हा त्यांना व्यायाम कशाला हवा होता, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. जात्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्या या पुरुषांनी स्वतः कधी खुंटा धरलेला नसतो. त्या कष्टांनी ताकद दिली तशी कंबरही मोडली, कारण दुखले म्हणून थांबायची त्यात मुभा नव्हती. जाते गेले हे उत्तमच झाले. पण त्याच्याबरोबर पाटावरचे जेवण गेले, पायांवर बसून भाजी निवडणे गेले, साधा संडास गेला, आणि दिवसाकाठी नकळत होणाऱ्या पंधरा-वीस बैठकाही गेल्या. त्या जागी आपण काहीच आणले नाही. कर्णम मल्लेश्वरीने २००० साली सिडनीला वजन उचलून पदक आणले, साक्षी मलिकने २०१६ साली रिओला कुस्तीत आणले. तरीही 'बायकांनी वजन उचलले तर अंग पुरुषी होते' हे वाक्य मी गेल्याच महिन्यात ऐकले, आणि तेही पदवीधर तोंडून. खरे तर पुरुषासारखे स्नायू फुगायला जो अंतःस्राव लागतो, तो स्त्रीच्या रक्तात फारच थोडा असतो.

चालण्याचेही असेच. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली किंवा किल्ल्याच्या तळ्याकाठी फिरणाऱ्या ज्येष्ठांची गर्दी पाहून बरे वाटते. हृदयाला, मनाला चालणे फार चांगले. परंतु सपाट रस्त्यावरच्या चालण्याने ताकद वाढत नाही, कारण अंगाला जड असे त्यात काही नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले दंडक पाहा. आठवड्याला निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवाच, पण त्याशिवाय निदान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम हवा, आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचाही. पहिले वाक्य सर्वांना पाठ आहे. दुसरे कोणी वाचतच नाही.

आता ताटाकडे वळते. कन्नडमध्ये म्हण आहे, 'ऊट बल्लवनिगे रोगविल्ल', म्हणजे ज्याला जेवण कळते त्याला रोग नाही. म्हाताऱ्या माणसांच्या ताटात आपण काय वाढतो, त्याची एकदा जमाखर्चाप्रमाणे बेरीज करून पाहा. सकाळी चहा आणि दोन टोस्ट, दुपारी एक भाकरी, मूठभर भात, पातळ आमटी आणि भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किटे, रात्री ताकभात किंवा पेज. या साऱ्यातून प्रथिने जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम पोटात जातात. आपल्या देशातील आयसीएमआर या संस्थेने २०२० साली दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅमचे प्रमाण ठरवले, म्हणजे पन्नास किलोच्या आजीला ४१-४२ ग्रॅम. पण म्हातारे स्नायू जरा बहिरे असतात. तेवढ्याच प्रथिनांची हाक त्यांना कमी ऐकू जाते. म्हणून २०१३ साली या विषयातील तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पासष्टीपुढे किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवले. म्हणजे पन्नास ते साठ. निम्म्याने तूट! अशा तुटीचे दुकान किती दिवस चालेल?

ही तूट भरायला महागड्या डब्याची गरज नाही, हे मी आमच्या गावच्या बाजारभावावर हिशोब करून सांगते. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सात-साडेसात ग्रॅम प्रथिने. पेलाभर दुधात सहा-साडेसहा. एका अंड्यात सहा. तीस ग्रॅम कुळथात किंवा मुगात सुमारे सात. म्हणजे सकाळच्या टोस्टाऐवजी मुगाचे धिरडे, दुपारी आमटीचे पाणी न वाढता खालची डाळ, भाकरीबरोबर शेंगाचटणी आणि दही, झोपताना दूध, एवढ्याने गाडी रुळावर येते. दात नसतील तर कूट करा, पिठले करा, कुळथाचे कढण करा. मासे-अंडी चालणाऱ्यांचे काम आणखी सोपे. भाकरीला डाळीची जोड हवीच, कारण धान्यात जे उणे असते ते डाळीत असते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. आणि सगळे रात्रीच एकदम न खाता तिन्ही वेळांत वाटून खाल्ले तर त्या बहिऱ्या स्नायूंना हाक नीट ऐकू जाते.

माझा धाकटा भाऊ हा सगळा हिशोब ऐकून घेतो आणि आपला तीन हजारांचा डबा उघडतो. तो जिममध्ये दंड आणि छाती फुगवतो. पायांचा वार आला की त्याला हटकून अभ्यास आठवतो. आयसीएमआरच्याच हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा असे सांगितले आहे, हे मी त्याला दाखवले. तो म्हणाला, "त्यांच्यातल्या कुणाचे दंड बघितलेस काय?" यावर मला उत्तर सुचले नाही. असो. पण त्याच्या वयात, म्हणजे आपल्या सर्वांच्याच वयात, एक गोष्ट खरी आहे. साधारण तिशीपर्यंत जेवढी ताकद कमावू, त्याच शिलकेतून पुढची वजाबाकी सुरू होणार. तिथे दंडापेक्षा मांडीची शिल्लक अधिक उपयोगी पडते.

तर माझी सूचना अशी आहे आणि ती जिमखाना विभागाने व राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांनी मनावर घ्यावी. आपल्या जिमखान्याची खोली सकाळी साडेनऊ ते साडेबारा रिकामी असते. मुलींना त्यातला एक तास मिळावा, ही मागणी जुनी आहे. ती पुन्हा करते. दुसरा तास आठवड्यातून दोनदा आसपासच्या ज्येष्ठ नागरिकांना द्यावा. एन. एस. एस.च्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो, झाडे लावतो. या वर्षी त्याऐवजी गावातल्या साठीपुढच्या प्रत्येकाची खुर्ची-चाचणी घ्यावी. हिला खर्च शून्य. साधारण सतरा इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजायचे. साठ ते चौसष्ट वयात पुरुषांचे चौदापेक्षा कमी आणि बायकांचे बारापेक्षा कमी भरले तर पाय अशक्त समजावेत; ऐंशी ते चौऱ्याऐंशीत दहा आणि नऊ. मोजायला मराठी-कन्नड दोन्ही येणारी मुले-मुली लागतील, ती आपल्याकडे आहेतच. आकडे वहीत मांडायचे, ज्यांचे कमी भरतील त्यांना खुर्चीचाच व्यायाम शिकवायचा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन मोजायचे. वहीचे काम आम्ही वाणिज्यवाले करू.

प्राध्यापकांच्या खोलीपासून सुरुवात केली तरी माझी हरकत नाही. फक्त तिथल्या खुर्च्यांना हात आहेत, त्या चालणार नाहीत. ग्रंथालयातल्या चालतील.